जांभळाची टाकी आंबली

१

डी. पंतांनी घोट तोंडात इकडून तिकडे फिरवला, डोळे मिटले, भुवया वर नेल्या आणि झेंडूच्या वाफ्यात थुंकून टाकला.

"गेली," ते म्हणाले. आवाज असा, की घरातलं कुणी माणूसच गेलं असावं.

"काय गेलं?" निरंजन वैरागडेनं विचारलं. त्याच्या हातात बाटली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

"तुमची जांभूळ वाइन. अॅसिडिटी बघा काय चढलीये. टॅनिन जिभेला चावतंय. संपूर्ण बॅच इन्फेक्टेड आहे, निरंजनराव. आय अॅम सॉरी."

शेजारी बसलेल्या इंद्रजीत शेठनी घाईनं आपला ग्लास तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. नव्या रायपुरात त्यांचं मोठं हॉटेल उभं राहत होतं. तिथं वैरागड्यांची वाइन ठेवायची की नाही, ते आज ठरायचं होतं. "अरे यार, ये तो सिरका है," ते म्हणाले.

निरंजनचा धाकटा भाऊ शेखर प्यायला आणि खोकला. निरंजननं स्वतः घोट घेतला, आणि त्याचा चेहरा पाहून बाकीच्यांना आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

फक्त टेबलाच्या टोकाला बसलेले म्हातारे शालिग्राम वैरागडे, निरंजनचे वडील, ग्लास खाली ठेवत म्हणाले, "मले तं बरोबर लागली बाप्पा. पोट्ट्यानं चांगली बनवली हाय."

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बापच तो, दुसरं काय म्हणणार?

कलावतीबाई रंगारींनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. माणसं त्यांना फारशी आवडत नसत. वाइनवर बोलणारी माणसं तर मुळीच नाही. त्यांची उभी हयात सरकारी प्रयोगशाळेत दारूचे नमुने तपासण्यात गेली होती. दारू म्हणजे पाणी, अल्कोहोल आणि माणसांचा मूर्खपणा, आणि तिसरी गोष्ट मोजायला अजून उपकरण निघालं नाही, असं त्या म्हणत. निरंजन आपल्या वाइनचे नमुने दाखवायला त्यांच्याकडे रायपूरच्या समता कॉलोनीत यायचा, चपला बाहेर काढायचा आणि कमी बोलायचा. एवढ्याच गुणावर त्या आज इथवर गाडी चालवत आल्या होत्या.

त्यांनी अजून ग्लासाला हात लावला नव्हता. आता लावला.

वाइन गोड होती. पिकल्या जांभळाची गोडी, मागून किंचित तुरटपणा, आणि घशात ऊब. आंबटपणाचा मागमूस नव्हता.

कलावतीबाईंनी पुन्हा एक घोट घेतला. पुन्हा तेच.

२

वैरागड्यांची वाडी नव्या रायपूरच्या पलीकडे होती. सरकारनं आखलेले आठपदरी रस्ते जिथं एकाएकी संपतात आणि धानाची शेतं सुरू होतात, तिथं. निरंजननं भिलाईच्या प्लांटमधली नोकरी सोडून तिथं जांभळाची आणि पेरूची वाइन करायला घेतली होती. पत्र्याची एक शेड, स्टीलच्या टाक्या, पुढं अंगण आणि अंगणात टेबल. शेखरनं त्या टेबलावर पांढरी चादर घातली होती आणि मधोमध प्लास्टिकची द्राक्षं ठेवली होती. जांभळाच्या वाडीत प्लास्टिकची द्राक्षं! ती पाहूनच कलावतीबाईंनी दिवसाचा अंदाज बांधला होता.

डी. पंत म्हणजे नागपूरचे दत्तोपंत. नाशिककडं कुठलासा छोटा कोर्स करून आले आणि दत्तोचा डी झाला. कुठल्या वाइनबरोबर काय खावं हे सांगण्याचे ते पैसे घेत. आज सकाळी त्यांनी मिरची भज्यावर एक व्याख्यान दिलं होतं. मिरची भजं म्हणजे 'स्टार्टर', आणि त्यातली मिरची 'टाळू जागी करते'. कलावतीबाईंची टाळू जागीच होती. त्यांनी एक भजं खाल्लं. शालिग्रामभाऊंनी चार खाल्ली आणि बोटं चाटली.

मग निरंजनची बायको सोनिया फरा घेऊन आली. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, छत्तीसगढी घरात सणावाराला होतात ते. वर हिरव्या चटणीचा गोळा. बरोबर पेरूची वाइन. तिच्यात गोडवा औषधालाही नव्हता आणि ती सगळ्यांना आवडली.

"ही चटणी म्हणजे ब्रिज आहे," पंत म्हणाले. "पेरूकडून जांभळाकडे नेणारा पूल."

हे ऐकल्यावर कलावतीबाईंनी फऱ्याची प्लेट तशीच पुढं सरकवली. ज्या चटणीला कुणी पूल म्हणतो ती खायची त्यांची तयारी नव्हती. शालिग्रामभाऊंनीही हात आडवा केला होता. "मले नको वं सोनिया. पित्त उसळलं हाय आज." बाकीच्यांनी मात्र चटणी बोटांनी पुसून खाल्ली. चटणी फर्मासच होती म्हणे, तिखटजाळ.

जांभळाची वाइन खरं तर शेवटी यायची होती, देहरौरीबरोबर. देहरौरी म्हणजे तांदळाची पाकातली मिठाई. पण शालिग्रामभाऊ म्हणाले, "आता आना ना जांभळाची. साहेबाले घाई असते." मग निरंजन लगबगीनं बाटली घेऊन आला, आणि पुढचं ते सगळं झालं.

आता अंगणात शोककळा होती. सोनियानं चहा केला, कारण अशा वेळी दुसरं काय करतात? तिनं पातेल्यातला चहा चमच्यानं चाखला, कपाळाला आठी घातली, आणखी दोन चमचे साखर टाकली आणि मग कप भरले. शालिग्रामभाऊंना मधुमेह. त्यांचा चहा बिनसाखरेचा, वेगळा.

इंद्रजीत शेठ कप घेऊन गाडीजवळ फोनवर बोलायला गेले होते. तिथूनच ओरडले, "भाभीजी, शक्कर भूल गए क्या?"

शेखरनं देहरौरी तोंडात टाकली आणि अर्धी कुत्र्याला दिली. "भाभी, ये क्या है? मट्टी जैसा लग रहा है. आज सब गड़बड़ ही है क्या?"

कलावतीबाईंनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. नुसता पाक होता. एवढा गोड चहा पिऊन हे लोक साखर मागत होते! यांच्या जिभा कधीच मेल्या असाव्यात, त्या मनाशी म्हणाल्या.

इंद्रजीत शेठ फोन खिशात टाकत परतले. "निरंजनभाई, बुरा मत मानना. मैं नासिक से मंगवा लूंगा."

"शहाणपण आहे," पंत म्हणाले. "आणि निरंजनराव, ती टाकी आजच रिकामी करा. नाहीतर शेजारच्या टाक्यांनाही लागेल."

निरंजन उठला. शेडच्या दिशेनं चालू लागला. त्याच्या मागून शेखर म्हणाला, "मैं तो पहले से बोल रहा था, ये ज़मीन बेच दो."

वर्षभराच्या जांभळांची टाकी, आणि तिचा नळ उघडायला एक मनगट वळवायचं बाकी होतं.

३

"नळाला हात लावशील तर याद राख," कलावतीबाई शेडच्या दारातून म्हणाल्या.

निरंजन थांबला. "मॅडम, मी स्वतः प्यायलो. आंबट लागली."

"तुझ्या जिभेला पगार मिळत नाही. हायड्रोमीटर आण."

त्यानं काचेची नळी आणली. टाकीतली वाइन भरून कलावतीबाईंनी तरंगता काटा वाचला, आम्ल मोजायची पट्टी बुडवून पाहिली, वास घेतला. साखर होती तशी होती. आम्ल होतं तेवढंच. व्हिनेगरचा वास नावालाही नव्हता.

"वाइन ठीक आहे."

"मग सगळ्यांना आंबट काहून लागली?"

"कारण त्या पंतानं सांगितलं म्हणून. एकानं नाक मुरडलं की बाकीच्यांची नाकं आपोआप वाकडी होतात. मी जन्मभर हेच पाहत आले. बाटलीला महागाचं लेबल लावलं की साहेब लोक साध्या मालाचंही कौतुक करतात."

हे म्हणताना त्यांना खरोखर आनंद झाला. एका खोट्या जाणत्यानं इतक्या मोठ्या माणसांना मेंढरं केलं, ही गोष्ट त्यांच्या मनातल्या जगाशी तंतोतंत जुळत होती. त्या तशाच तरातरा अंगणात गेल्या. पंत खुर्चीत रेलून देठासकट विडा चघळत होते.

"पंत, वाइनमध्ये साखर आहे. मी मोजली."

"बाई, मोजणं वेगळं आणि चाखणं वेगळं. मला साखर लागली नाही."

"लागली नाही, की लागू द्यायची नव्हती?"

पंत तापले. "मी कशाला खोटं बोलू? मला या कामाचे पैसे निरंजनच देतो! डील झालं असतं तर माझं कमिशन होतं. आणि एक सांगू? या घरात साखरच नाहीये. चहा प्यालात का तुम्ही? त्यातपण साखर नव्हती. दोनदा मागितली तरी नाही. हा विडा बघा, गुलकंद घातलाय म्हणे. मला तर नुसता पाला लागतोय."

कलावतीबाई काहीतरी झोंबणारं बोलणार होत्या. शब्द तोंडातच राहिले.

वाइनच्या बाबतीत बाकीचे पंतांच्या मागं गेले, हे ठीक. पण चहाच्या बाबतीत? तिथं कुणी कुणाच्या मागं गेलं नव्हतं. इंद्रजीत गाडीजवळ एकटा होता, फोनवर, आणि त्यानं तिथूनच साखर मागितली होती. शेखरला देहरौरी माती लागली होती. गुलकंदाचा विडा पाला लागावा, इतका अभिनय करायची अक्कल या पंताला नव्हती.

हे लोक मूर्ख होते, यात शंका नाही. पण आज ते खरं बोलत होते. मेंढरांची कल्पना इतकी छान जमली होती, आणि ती आता चुलीत घालावी लागणार होती.

सगळ्यांच्या जिभेवरची साखर गेली होती. दोघांची सोडून. एक त्यांची स्वतःची. दुसरी टेबलाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याची.

४

स्वयंपाकघरात सोनिया भांडी घासत होती. डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती.

"चहात साखर किती घातली होतीस?" कलावतीबाईंनी विचारलं.

"नेहमीसारखी घातली, मॅडम. मंग चाखला तं लागलीच नाही. मंग अजून घातली. तरी नाही लागली. मले वाटलं, साखरच हलकी आली या बारीनं."

"फरा मी खाल्ला नाही. चटणी उरली का?"

पाट्यावर थोडी होती. कलावतीबाईंनी बोटभर चटणी जिभेवर घेतली, नीट घोळवली, थोडा वेळ थांबल्या. लसूण, मिरची, कोथिंबीर, आणि तळाशी एक कडवट पाल्याची चव. मग डब्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकली.

वाळू. नुसती खरखरीत, बेचव वाळू.

आयुष्यात फार कमी वेळा कलावतीबाईंना हसू आवरत नसे. ही त्यांतली एक वेळ होती.

"गुडमार," त्या म्हणाल्या. "या घरात गुडमार आहे."

सोनियानं खिडकीकडं बोट केलं. तिथं झाकण सैल झालेला एक डबा होता, हिरव्या भुकटीचा. "बाबाचं औषध हाय, शुगरचं. जंगलातल्या वेलाचा पाला. रोज घेतात. घेतलं का म्हनतात, आता जिलबी देल्ली तरी माती लागते. साऱ्या घराले माहीत हाय."

"सकाळपासून इथं कोण कोण आलं?"

"शेखर आला होता बर्फ न्यायले. हे आले ग्लास न्यायले. बाबा आले औषध घ्यायले. तवा मी फरा उतरवून राहिली होती, पाठमोरी. मंग मी चटनीत मीठ टाकलं, दोन-तीनदा चाखली. थोडी कडू लागली, म्हटलं कोथिंबीर जून असन."

कलावतीबाईंनी पाट्यावरची चटणी वाटीत काढली, साखरेचा डबा काखेत मारला आणि त्या अंगणात आल्या. जे म्हणायचं ते त्यांनी एका वाक्यात म्हटलं: "सगळ्यांनी आधी ही चटणी चाटा, मग ही साखर खा."

इंद्रजीत शेठ गाडीचं दार उघडून निघायच्या बेतात होते. पण बाईंचा आवाज असा होता की ते परतले. शालिग्रामभाऊ जागचे हलले नाहीत. बाकी प्रत्येकानं चटणी चाटली आणि साखर तोंडात टाकली. पंतांनी पुन्हा साखर घेतली. मग मूठभर घेतली. त्यांच्या मिश्यांवर दाणे चिकटले.

"बाप रे," इंद्रजीत म्हणाले. "ये तो रेत है!"

"साखरच आहे. तुमची जीभ बंद पडलीय. तासाभरात उघडेल. पेरूच्या वाइनमध्ये साखर नव्हती, म्हणून ती बिघडली नाही. जांभळाची वाइन गोडीवर उभी आहे. गोडी काढून घेतली की खाली उरतो आंबट तुरट रस. तोच तुम्हाला लागला. टाकी शाबूत आहे."

निरंजनच्या तोंडातून हुंदका की हसू, काय ते कळेना, असा आवाज आला. तो टेबलाला धरून उभा राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. कलावतीबाईंना तो बदल दिसला आणि आवडला नाही.

तो सोनियाकडं वळला होता.

"चटणी तू केली होती," तो म्हणाला.

५

सोनिया ओले हात पदराला पुसत उभी होती. 

"भाभी तो कब से पुरानी बस्ती, अपने मायके, वापस जाना चाहती है," शेखर म्हणाला. "यहाँ मन नहीं लगता इनका. सबको पता है."

"तुले माझं काम नको होतं, हे माहीत होतं मले," निरंजन म्हणाला. "पन एवढं? लोकाइसमोर? काहून केलं तू हे?"

इंद्रजीत शेठ घड्याळाकडं पाहू लागले. पंतांनी मान अशी हलवली, की बायकांचं हे असंच असतं. सोनिया नवऱ्याकडं पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं, हाक मारायला जावं, आणि ते दुसरंच कुणी निघावं, तशी ती पाहत होती.

तेव्हा शालिग्रामभाऊ खुर्चीतून उठले. काठी टेकत आले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे निरंजन. लहान हाय. चूक होते मानसाले. मी माफ केलं तिले. चला, इषय संपला."

कलावतीबाईंना इतका वेळ या माणसाबद्दल विशेष काही वाटलं नव्हतं. निवृत्त रेल्वे गार्ड, पांढराशुभ्र सदरा, गोड बोलणं. पण तो हात सुनेच्या डोक्यावर पडला आणि त्यांच्या अंगावर शहारा आला.

"हात काढा," त्या म्हणाल्या.

"काय जी?"

"तिच्या डोक्यावरचा हात काढा, शालिग्रामभाऊ. माफ करायचा मान तुमचा नाही."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. उभं राहून बोलण्याइतकीही किंमत त्यांना त्या म्हाताऱ्याला द्यायची नव्हती.

"निरंजन, ऐक. ज्यानं हे केलं त्याला एकच भीती होती. साखर गेल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये. वाइन आंबली एवढंच वाटावं. मग जो जो मोठ्यानं म्हणाला की चहात साखर नाही, मिठाई माती लागते, तो यात नाही. चोर स्वतःच्या पावलांवर बोट ठेवत नाही. पंत सुटले. इंद्रजीतजी सुटले. हा तुझा भाऊ जमीन विकायला टपलाय, पण देहरौरीची तक्रार करून तोही सुटला. तू स्वतःची टाकी ओतायला निघाला होतास, तुझं सोडून देऊ."

"मंग सोनिया..."

"ही? हिनं ती चटणी दोन-तीनदा चाखली. चहा चाखला, गोड लागेना म्हणून साखर घातली, तरी लागेना. माझा कप बघ, अजून तिथंच आहे. पाक आहे पाक. आपली जीभ मेलीय हे जिला ठाऊक असतं, ती साखरेचा डबा रिकामा करत बसत नाही. पातेलं चाखतही नाही. या घरात सगळ्यात जास्त फसली असेल तर ही."

शालिग्रामभाऊ हसले. "मी तं म्हटलं मॅडम, वाइन बरोबर हाय. मीच एकटा पोराच्या बाजूनं बोललो."

"बोललात ना. तुमचं ते एक वाक्य ऐकून मीही आधी म्हटलं, बापच तो. बाप पोराच्या मालाची तरफदारी करतो तेव्हा ऐकणाऱ्याची उरलीसुरली शंकाही मिटते, की माल खराबच असणार. तुम्ही खरं बोललात, आणि कुणी विश्वास ठेवणार नाही याची खात्री करून बोललात. खोटं बोलून इतकं साधलं नसतं."

"जीभ शाबूत असनं गुन्हा हाय काय?"

"माझी शाबूत राहिली कारण मी त्या पंताला वैतागून फरा सोडला. तुमची काहून राहिली? पित्त झालं म्हणालात. चार मिरची भजी खाऊन बोटं चाटलीत तेव्हा पित्त कुठं होतं? जांभळाची वाइन शेवटी यायची होती. ती चटणीच्या पाठोपाठ आणायला लावली कोणी? साहेबाला घाई असते म्हणे. साहेबाला नव्हती. तुम्हाला होती, कारण पाल्याचा असर उतरतो. आणि औषध घ्यायच्या निमित्तानं तुम्ही स्वयंपाकघरात आलात तेव्हा ही पाठमोरी होती. औषध खरंच घेतलं असतं, तर तुमचीही जीभ बंद पडली असती."

शेखर वडिलांकडं पाहत होता. "बाबूजी?"

काठीच्या मुठीवर म्हाताऱ्याची बोटं उघडत मिटत होती.

"अजून एक नाकारायची संधी आहे," कलावतीबाई म्हणाल्या. "तुमच्या हातानं ही चटणी खा. पित्त आता उतरलं असेल."

६

त्यानं चटणी खाल्ली नाही. खुर्चीत बसला आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलू लागला, चिडक्या पोरासारखा.

"यानं प्लांटची नोकरी सोडली तवा मी साऱ्याइले सांगतलं होतं, वापस येईन म्हनून. मंडळात सांगतलं. सोयऱ्याइले सांगतलं. जनमभर माझा शब्द कधी खाली पडला नाही. आता जातो तं लोक म्हनते, गार्डसाहेब, पोट्ट्यानं तं कमाल केली. माझं नावच नाही राह्यलं. निरंजनचे बाबूजी! त्या दिवशी बँकेत एकानं तसंच बोलावलं मले. सहन नाही होत."

"म्हनून माझी टाकी?" निरंजननं विचारलं.

"टाकीले काय झालं? टाकी तं चांगलीच हाय ना! मी वाइनले हात बी नाही लावला. एक बारी नाही म्हनला असता साहेब, तं तू ठिकान्यावर आला असता. गेला असता वापस नोकरीले."

"आणि ही?" कलावतीबाईंनी सोनियाकडं मान हलवली. "हिच्यावर आलं तेव्हा?"

"तिले तं मी माफ केलं होतं," म्हातारा म्हणाला. त्याला अजूनही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

कलावतीबाईंनी जन्मभर भेसळ करणारे पाहिले होते. मोहाच्या दारूत स्पिरिट घालणारे, स्पिरिटात पाणी घालणारे. ते सगळे निदान पोटासाठी करत होते. या माणसानं स्वतःच्या पोराचं वर्ष नासवायला काढलं, ते बँकेत आपलं नाव आधी घ्यावं म्हणून. त्यांना त्याच्याशी आणखी बोलावंसं वाटलं नाही.

बोलायला दुसरे होतेच. इंद्रजीत शेठचे डोळे चमकू लागले होते.

"निरंजनभाई, ये तो शो है, शो! सोचो, गेस्ट बैठा है, पहले चटनी, फिर वाइन, सब मुँह बनाएँगे, फिर एक घंटे बाद वही वाइन! तालियाँ! मैं पूरा माल लूँगा. बस ये तमाशा साथ में चाहिए."

"सेन्सरी एक्सपिरियन्स," पंत लगेच म्हणाले. मिश्यांवर अजून साखर होती. "मला पहिल्याच घोटाला शंका आली होती, की हा प्रॉब्लेम वाइनचा नसून रिसेप्टरचा आहे. मी कॉम्पेअरिंग करीन."

निरंजननं त्या दोघांकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि मग मान हलवली. "हव," तो म्हणाला. "करू."

इंद्रजीतनी त्याला मिठी मारली. शेखर फोटो काढायला धावला. त्याला आता जमीन विकायची नव्हती. जमिनीवर तंबू ठोकून पाहुण्यांची सोय करायची होती, आणि ते तो लगेच मोठ्यानं सांगूही लागला.

कलावतीबाई आपल्या गाडीकडं निघाल्या. दार उघडलं तर मागून पावलं आली. सोनिया होती. खांद्याला एक पिशवी, पायात बाहेरच्या चपला.

"मॅडम, मले शहरापर्यंत सोडता काय?"

निरंजन धावत आला. "सोनिया, अवं, कुठी चालली? झालं ना आता सारं ठीक. डील बी झालं."

"तुमचं झालं," सोनिया म्हणाली आणि गाडीत बसली.

तो खिडकीशी वाकला. "मले कसं समजन? चटनी तूच केली होती. कोनालेबी तसंच वाटलं असतं." मग खाली मान घालून, "माफ कर ना."

तिनं काच वर केली. जोरात नाही, सावकाश, त्याची बोटं चेपणार नाहीत अशी.

नव्या रायपूरचा रस्ता दुपारच्या उन्हात रिकामा पसरला होता. सरकारी इमारती लांब लांब उभ्या होत्या, मधे मैलभर कुणी नाही. कलावतीबाईंना सांत्वन करता येत नसे आणि येत नाही याची त्यांना खंतही नव्हती.

"मॅडम," सोनिया शेवटी म्हणाली. "तुम्हाले काहून नाही आली माझी शंका?"

"आली होती. चटणी म्हटल्याबरोबर पहिली तुझीच आली."

सोनियानं चमकून पाहिलं. "मंग?"

"मग तुला विचारलं, चहात साखर किती घातली होती."

सोनिया पुन्हा समोर पाहू लागली. शहर जवळ आलं. दुचाक्या, ठेले, हॉर्न सुरू झाले. एका चौकात लाल दिव्याशी गाडी थांबली तेव्हा ती हळूच म्हणाली, "यानं पन इचारलं असतं तं मी सांगतलं असतं. अर्धा मिनट लागला असता."

"हो," कलावतीबाई म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला. मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला. समता कॉलोनीचा रस्ता उजवीकडं होता.

"माझ्याकडं येतेस, की आईकडं?"

"आईकडं. पुरानी बस्ती. डाव्या हाताले घ्या."

कलावतीबाईंनी डावीकडं चाक फिरवलं.